प्लस दहाच्या काचा

माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, १९७४ साली बार्शीत चष्म्याचं दुकान टाकलं. दहा बाय आठचा गाळा, काच घासायचा एक दगड आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता, एवढंच. घर चालायचं ते मोतीबिंदूच्या चष्म्यांवर. शाळांना सुट्टी लागली की वर्गातली बाकं बाहेर काढून तिथे नेत्रशिबिरं भरायची. त्यानंतर महिनाभर आमचा दगड थांबायचा नाही.

तेव्हा मोतीबिंदू काढायचा म्हणजे डोळ्यातलं भिंगच सगळं काढून टाकायचं. आत बदली काही नाही. त्याचं काम नाकावरच्या काचेनं करायचं, म्हणून नंबर साधारण प्लस दहा. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखी काच. तिच्यातून सगळं पाव पटीनं मोठं आणि जवळ दिसायचं. म्हातारी कपात म्हणून चहा ओतायची, तो बशीच्याही अलीकडे पडायचा. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्याला तर एकाची दोन माणसं दिसायची, एक लहान, एक मोठा. तरी लोक दादांच्या पाया पडायचे.

डोळ्याच्या आतच लेन्स बसवायची युक्ती काही नवी नव्हती. लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ सालीच ती करून दाखवली होती. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या काचेचे प्लास्टिकचे तुकडे डोळा सोसतो, हे त्यांनी पाहिलं होतं. पण लंडनची लेन्स बार्शीला यायला चाळीसहून जास्त वर्षं लागली. बाहेरून येणारी लेन्स शेतमजुराला कशी परवडणार?

ती गाठ मदुराईत सुटली. संधिवाताने बोटं वाकडी झालेले डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ साली त्यांनी अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. त्याच हातांनी त्यांनी एक लाखाहून जास्त शस्त्रक्रिया केल्या. १९९२ साली अरविंदच्या ऑरोलॅबने लेन्स इथेच बनवायला घेतल्या आणि भाव धडाधड उतरले. पुढे जागतिक बँकेच्या मदतीची मोतीबिंदू योजना सात राज्यांत आली, त्यात महाराष्ट्र होता. आमचा प्लस दहाचा माल कपाटात पडून राहिला.

दादा म्हणाले, "अरे, लोकांचे डोळे चांगले व्हायला लागले म्हणून आपण रडत बसायचं का?" बोलायला सोपं होतं. उधारीचे हप्ते मी भरत होतो.

मग मी डॉक्टरांना लेन्स पुरवायला लागलो. आधी वाटलं, एकवीस-बावीस पॉवरच्या लेन्स भरून ठेवल्या की झालं. पण पॉवर प्रत्येक डोळ्याची वेगळी. बुबुळाची गोलाई आणि डोळ्याची लांबी मोजून हिशेब करायचा. लांबीत एक मिलिमीटर चुकलं की अडीच नंबर इकडचा तिकडे. त्यात डबीवर ए-कॉन्स्टंट नावाचा आकडा असतो, तोही हिशेबात धरायचा, आणि तो लेन्सच्या मॉडेलनुसार बदलतो. मी पॉवर बघून भलत्याच मॉडेलची डबी धाडली. डॉक्टरांनी ऑपरेशनआधी ती ओळखली म्हणून निभावलं. सहा महिने त्यांनी माझा फोन उचलला नाही. बरोबरच होतं त्यांचं.

दुकान मात्र मी बंद केलं नाही. लेन्स बसली तरी बहुतेकांना वाचायला चष्मा लागतोच, त्यावर आज दोन माणसांचा पगार निघतो.

मागच्या पावसाळ्यात वैरागकडच्या एक आजी आल्या. शिबिरातलं जुनं ऑपरेशन, चष्म्याची काच फुटलेली. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, हा नंबर मागवायला लागेल." मी खालचा खण ओढला. दादांच्या हातच्या पुड्या अजून तशाच होत्या.