कचरापेटीसकट रस्ता

लंडनच्या वायव्येला हॅरो, पिनर, रेनर्स लेन या बाजूच्या जवळजवळ कुठल्याही गल्लीत शिरा, समोर तेच दिसतं. मधली भिंत वाटून घेतलेली जोडघरं, पोट पुढे काढलेल्या बे विंडो, वर त्रिकोणी कपाळावर काळ्या लाकडी पट्ट्या. या पट्ट्या बहुतेक वेळा काही तोलत नाहीत, नुसत्या मिरवतात. हा मेट्रोलँड. नाव १९१५ साली मेट्रोपॉलिटन रेल्वेने जाहिरातीसाठी काढलं, कारण गाडीला प्रवासी हवेत तर रुळांच्या कडेला घरं हवीत.

असल्या रस्त्याचा फोटो कोण काढतो? राजवाड्याचे फोटो कधी कमी पडणार नाहीत. पण शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली रंगीत काच कुठल्या घराला उरली होती, ते वीस वर्षांनी सांगणारं कुणी नसेल. प्लॅस्टिकच्या चौकटी आल्या की ती काच जाते, पुढची बाग फरसबंद होते आणि तिथे गाडी उभी राहते. त्यामुळे चाकांची कचरापेटी फोटोत येऊ नये म्हणून कसरत करू नका. पेटी वगळलेला फोटो घर विकणाऱ्या दलालाच्या कामाचा.

उन्हाची वाट बघण्यातही अर्थ नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनचा सूर्य भर दुपारी जेमतेम १५ अंश वर येतो. आठ मीटर उंच घराची सावली तीस मीटर पडते, म्हणजे समोरचं घरही गिळते. पूर्व-पश्चिम रस्त्यावर तेव्हा दोन्ही बाजू काळवंडलेल्या. पण नोव्हेंबर ते मार्च झाडं निष्पर्ण असतात आणि घरं तेव्हाच नीट दिसतात. ढगाळ दिवस निवडावा. त्याची टंचाई त्या देशात नाही.

छप्पर मावेना म्हणून कॅमेरा वर केला की भिंती मागे कलंडतात. कॅमेरा सपाट धरा, समोरच्या फुटपाथवर जा आणि खालचा जास्तीचा डांबरी रस्ता नंतर कापून टाका.

खरा ऐवज मात्र कमरेच्या उंचीवर असतो. कोपऱ्यावरची लाल टपालपेटीच घ्या. तिच्यावर ती घडवली तेव्हाच्या राजाची किंवा राणीची मुद्रा असते. नुसतं ‘जी आर’ (जॉर्ज रेक्स, म्हणजे राजा जॉर्ज), आकडा नाही, तर पाचवा जॉर्ज, म्हणजे १९१० ते १९३६. मधे रोमन सहा असेल तर त्याचा मुलगा सहावा जॉर्ज. आठवा एडवर्ड १९३६ मध्ये वर्षभरही टिकला नाही, त्यामुळे त्याची पेटी सापडली तर नशीबच. पेटीवरून रस्त्याचं वय लगेच ठरवू नका, पेट्या हलवतातही. उन्हात लाल रंग चटकन जळतो आणि मुद्रा सपाट दिसते. एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). रंगाचे थर चढून अक्षरं बुजली असतील तर टॉर्चचा उजेड कडेने, पेटीच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर टाका.

हीच युक्ती चर्चच्या किंवा जुन्या पुलाच्या भिंतीवरच्या खुणेला चालते: एक आडवी चीर आणि तिच्याकडे खालून रोखलेला बाण. ही ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेची उंचीची खूण. पुढच्या काळात ही उंची कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन बंदरात १९१५ ते १९२१ मोजलेल्या सरासरी समुद्रपातळीपासून धरली गेली. आता या खुणांची निगा कुणी राखत नाही. भिंत पाडली की खूण गेली. पिवळ्या पाटीवरचा ‘एच’ मात्र अजून कामावर आहे: वरचा आकडा जलवाहिनीचा व्यास, खालचा हायड्रंटपर्यंतचं, म्हणजे आगीच्या बंबासाठीच्या नळापर्यंतचं अंतर. जुन्या पाट्या इंच-फुटांत, नव्या मिलिमीटर-मीटरमध्ये, म्हणून आकडे वाचता येतील इतक्या जवळून घ्या. जुन्या वस्तीत बुटक्या भिंतीच्या माथ्यावर ओळीने लोखंडी खुंट दिसले, तर ते बहुधा दुसऱ्या महायुद्धात कापून नेलेल्या कुंपणाचे.

जुन्या पोस्टकार्डाची जागा पुन्हा गाठायची तर मागची बाजू आधी बघा. मधोमध रेघ असेल तर कार्ड १९०२ नंतरचं, अर्ध्या पेनीचं तिकीट असेल तर साधारण १९१८ च्या आधीचं. मग चित्रात एक जवळची कड आणि एक लांबची चिमणी धरा. दोघींमधली फट चित्रातल्याइतकी होईपर्यंत डावी-उजवीकडे सरका, मगच पुढे-मागे व्हा. पूर्वीचा छायाचित्रकार बिनधास्त रस्त्याच्या मधोमध तिकाटणं रोवायचा. आता तिथे बस असते. मैलाला पंचवीस इंच या प्रमाणातले जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. इंग्लंडची गल्ली स्कॉटलंडात शोधायची, ही गंमत वेगळी.

घरी आल्यावर त्याच दिवशी रस्ता, घरक्रमांक, कुठल्या दिशेला तोंड करून काढला आणि तारीख एवढं लिहून ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, फोनचं आपोआप, बऱ्याच कॅमेऱ्यांचं हाताने. ते राहून गेलं की फोटोतली सावली एक वेळ सांगते आणि फाइल दुसरी.