१७ नंबरचा प्लॅटफॉर्म

बत्तीस वर्षं मी रेल्वेच्या बुकिंग खिडकीत बसलो. नोकरी सुटली तरी सवय सुटलेली नाही. कुठेही गेलो की आधी स्टेशन बघतो. मुलाकडे बर्लिनला दोन महिने राहायला गेलो होतो, तेव्हा एका रविवारी तो म्हणाला, "बाबा, ग्रुनवाल्ड स्टेशन बघायला जाऊ या. पण जड जाईल तुम्हाला."

शहराच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेला हे स्टेशन आहे. आजूबाजूला जुनी झाडं, मोठमोठे बंगले, सायकलवरून जाणारी माणसं. लोकल इथे आजही थांबते. तिच्या फलाटांपासून जरा बाजूला एक चढ आहे आणि चढाच्या कडेने काँक्रीटची लांब भिंत. भिंतीत माणसांच्या आकृत्या आहेत, पण पोकळ. माणसं निघून गेली आणि त्यांच्या जागा तेवढ्या भिंतीत उरल्या, असं वाटतं. वर गेलं की १७ नंबरचा फलाट. रुळांमधून झाडं वाढली आहेत, ती मुद्दाम तोडलेली नाहीत. इथून आता कुठलीही गाडी सुटत नाही.

फलाटाच्या दोन्ही कडांना पोलादी पट्ट्या बसवल्या आहेत. एकूण १८६. नाझींच्या काळात बर्लिनमधून ज्यूंना मरणाकडे घेऊन गेलेल्या गाड्यांच्या या नोंदी: तारीख, किती ज्यू, कुठून कुठे. बाकी काही नाही. पहिली १८.१०.१९४१ची: १२५१ ज्यू, बर्लिन ते पोलंडमधलं लोड्झ. मग पुढची, मग त्याच्या पुढची. मी एकेक वाचत चाललो होतो आणि खरं सांगतो, पहिली वीस-पंचवीस वाचेपर्यंत मला काहीच झालं नाही. तारीख, संख्या, ठिकाण. जन्मभर हेच तर लिहीत आलो. त्या कोरडेपणाची मला फार लाज वाटली.

मग मी मुलाला एक प्रश्न विचारला. बुकिंग क्लार्कलाच सुचेल असा. "यांची तिकिटं कुणी काढली?"

त्याला आधी कळलंच नाही मी काय विचारतोय ते. मग आम्ही तिथल्याच एका बाकावर बसलो आणि त्याने फोनवर शोधून मला वाचून दाखवलं. जर्मन रेल्वे या गाड्यांचं भाडं लावत होती. तिसऱ्या वर्गाचं, माणशी किलोमीटरला ४ फेनिग, म्हणजे तिथले तेव्हाचे पैसे. दहा वर्षांखालच्या मुलांना निम्मं. चार वर्षांखालच्यांना माफ. चारशेच्या वर माणसं असली तर सहलीच्या गाड्यांना देतात तशी निम्म्या दराची सवलत. नेल्या जाणाऱ्यांचं भाडं एकेरी. सोबतच्या पहारेकऱ्यांचं मात्र जाऊन-येऊन.

मी त्याला थांबायला सांगितलं.

हाफ तिकीट म्हणजे काय, हे मला माहीत आहे. खिडकीशी आई म्हणते, "पाचाची नाही झाली अजून," आणि आपण खुर्चीतून अर्धवट उठून काउंटरपलीकडे डोकावतो. खाली एक डोकं दिसतं, वेणी किंवा टोपी. कधी ते मूल वर बघून हसतं. मग आपण तिकीट फाडतो किंवा आईशी वाद घालतो. त्या हिशेबातसुद्धा मुलं कुणीतरी मोजली असतील. चाराच्या आतली वेगळी, दहाच्या आतली वेगळी. बेरीज करून खाली सही केली असेल. त्या माणसाने डोकावून पाहिलं असेल का? बहुतेक नाही. समोर फक्त यादी असली की मान वर करायची गरज पडत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. म्हणूनच मला त्या माणसाची भीती वाटली. गॅस सोडणारा हात माझ्या कल्पनेत बसत नाही. बेरीज करणारा हात मी रोज पाहिलाय.

उठून पुढे चालायला लागलो तेव्हा त्याच पट्ट्या निराळ्या दिसू लागल्या. काहींवर हजाराच्या वर आकडे आणि पुढे आउशवित्झ, पोलंडमधली मृत्युछावणी. काहींवर पन्नास, शंभर, आणि पुढे थेरेझिएनश्टाट, आजच्या चेक प्रजासत्ताकातली छावणी. ही शंभरजणांची गाडी कसली, म्हणून विचारलं, तर बरेचदा रोजच्या प्रवासी गाडीलाच जादा डबे जोडत असत. म्हणजे पुढच्या डब्यांत नेहमीचे प्रवासी असणार. डबे ओळीने सारखेच.

शेवटच्या पट्टीवर मी सगळ्यांत जास्त वेळ उभा राहिलो. २७.३.१९४५. अठरा ज्यू. अठरा! आउशवित्झ सोव्हिएत सैन्याने सोडवून दोन महिने झाले होते. तेच सैन्य ओडर नदीपर्यंत आलं होतं. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत बर्लिन पडलं. शहरावर बाँब पडत होते, रूळ उखडले जात होते, आणि तरीही कुणीतरी अठरा माणसांसाठी डबा, इंजिन, कोळसा आणि वेळ काढला. गाडी काढणं किती खटाटोपाचं असतं ते मला ठाऊक आहे. एवढी जिद्द! १२५१ वाचून जे झालं नव्हतं, ते अठरा वाचून झालं. मी रडलो. मुलगा बाजूला झाडांकडे बघत उभा राहिला.

पट्टीच्या कडेला कुणीतरी छोटे दगड ठेवले होते. ज्यू लोक थडग्यावर ठेवतात तसे. मीही एक ठेवला.

घरी परतताना मुलाच्या इमारतीच्या दाराशी फरसबंदीत पितळेचे तीन छोटे चौकोन दिसले. इतके दिवस मी त्यांच्यावरून ये-जा करत होतो. असे श्टोल्परश्टाइन, म्हणजे आठवणीचे दगड, युरोपभर लाखाहून जास्त बसवलेत, नाझींनी ज्यांचा बळी घेतला त्यांच्या शेवटच्या राहत्या घरांसमोर. इथे आई, वडील आणि मुलगी. मुलगी १९३८ची, १९४३मध्ये नेलेली. चार पूर्ण झालेली. म्हणजे निम्मं भाडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने स्पंज आणि पितळ घासायची पेस्ट दिली. सात वर्षांची नात माझ्याबरोबर खाली आली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून तिन्ही दगड घासले, काळपट अक्षरं हळूहळू उजळली. मला जर्मन येत नाही, तिला येतं. तिने मुलीचं नाव मोठ्याने वाचलं. मी म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "आबा, असं नाही." तिने पुन्हा सांगितलं, मी पुन्हा म्हटलं. चौथ्यांदा जमलं.