मूडल, प्रश्नपेढी आणि ती प्रश्नचिन्हं

आजच्या प्राध्यापक प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीवर प्रश्नपेढी (प्रश्नांचा साठा) चढवण्याने. एकेक प्रश्न हाताने भरण्यापेक्षा गिफ्ट फॉरमॅट, म्हणजे साध्या मजकुरात प्रश्न लिहून एकदम चढवण्याची पद्धत, बरी: नोटपॅडमध्ये प्रश्न लिहायचा, महिरपी कंसात पर्याय; बरोबर उत्तरापुढे =, चुकीच्यापुढे ~, आणि # नंतर त्या पर्यायावरचा अभिप्राय. दोन प्रश्नांमध्ये एक ओळ रिकामी. प्रश्नाच्या मध्येच एंटर दोनदा दाबला की तिथेच तो तुटतो.

मराठीची गोची वेगळी. फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं साठवण्याची पद्धत) सेव्ह केली नाही तर अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. श्रीलिपी-कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका थेट चिकटवल्या तर अगम्य लिपीच उमटते. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग डोळ्यांनी तपासणी, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. गणित-रसायनवाल्यांनी समीकरणातल्या = च्या आधी \ द्यायचा, नाहीतर मूडल त्यालाच उत्तर समजतं!

पर्यायांचा क्रम आपोआप बदलायचा असेल तर 'वरीलपैकी सर्व' हा पर्याय टाकूच नका. तो पहिल्या क्रमांकावर आला की 'वरील' म्हणजे काय?

खरी मेहनत मात्र चुकीच्या पर्यायांची. ते मनाने रचू नयेत, मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांतल्या नेहमीच्या चुकांतून उचलावेत. वस्तुमान आणि वजन यांत गोंधळणाऱ्या मुलाला 'चूक' एवढंच दाखवून काही कळत नाही; # नंतरची एक ओळ तिथे कामाला येते. बहुतेकांनी नेमकी तीच रिकामी ठेवली होती.