कणकेचा चंद्र, सात फुटांवर

मागच्या वर्षी लेकीला शाळेत सूर्यमालेचा प्रोजेक्ट होता. मी बर्डीच्या बाजारातून रंगवलेले गोळे आणले आणि रात्री अकरापर्यंत बसून पुठ्ठ्यावर चिकटवले. शेरा मिळाला, 'सुंदर'. चार दिवसांनी सहज विचारलं, चंद्र पृथ्वीपासून किती लांब गं? तिनं दोन बोटं दाखवली. पुठ्ठ्यावर तेवढंच अंतर होतं, आणि ते मीच ठेवलं होतं. मला फार वाईट वाटलं.

यंदा मे महिन्यात ठरवलं, आयतं काही आणायचं नाही आणि मुलांच्या हातातलं काम आपल्या हातात घ्यायचं नाही. बाहेर ऊन असं की दुपारी पोरं घरातच. कॉलनीतली सहा जणं कूलरसमोर चटईवर बसवली. मीठ घालून घट्ट कणीक भिजवली होती, पण कूलरच्या वाऱ्यानं तासाभरात गोळ्यांना भेगा पडल्या. सगळं मोडलं. दुसऱ्या दिवशी चमचाभर तेल घालून पुन्हा मळली, वरून ओलं फडकं झाकलं, तेव्हा जमलं.

दोघादोघांच्या जोड्या केल्या. प्रत्येक जोडीनं बोराएवढ्या सारख्या पन्नास गोळ्या वळायच्या. एक बाजूला ठेवायची, बाकीच्या एकोणपन्नास एकत्र मळून मोठा गोळा करायचा. मोठा म्हणजे पृथ्वी, उरलेली गोळी म्हणजे चंद्र, कारण पृथ्वीत साधारण एकोणपन्नास चंद्र मावतात. पृथ्वी भरली बरोबर आपल्या संत्र्याएवढी. लेकीचा विश्वास बसेना. "आई, ही पन्नासपट कुठे दिसून राहिली?" मी काही सांगितलं नाही, फक्त पट्टी दिली. चंद्र दोन सेंटीमीटरच्या जरा आत, पृथ्वी सात. रुंदीत चौपटही नाही. ती बराच वेळ दोन्ही गोळे तळहातांवर तोलत बसली. रुंदी आणि आकारमान यांतला फरक तिला त्या वजनातून कळला, असं मला अजूनही वाटतं.

मग म्हटलं, आता चंद्र जागेवर ठेवा. कुणी वीतभर लांब ठेवला, कुणी पृथ्वीला खेटूनच. सगळ्यांचे अंदाज खडूनं फरशीवर मांडले आणि मगच दोरा काढला. पृथ्वीभोवती साडेनऊ वेढे घ्यायचे, मग उलगडून ताणायचा. दोरा चटईबाहेर गेला, दिवाणापाशी पोचला. सात फूट! शेजारच्या काकूंचा नातू ओरडला, "इतका लांब नसते बे!" त्यानं पुन्हा मोजलं. तितकाच भरला. खरं अंतर सरासरी 3,84,400 किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट.

प्रश्न आपोआप यायला लागले. अंतराळवीर राहतात ते स्थानक कुठे? जमिनीपासून साधारण 400 किलोमीटर वर, म्हणजे आमच्या पृथ्वीपासून जेमतेम दोन मिलिमीटर, तुरीच्या डाळीच्या जाडीएवढं. हे ऐकून सगळे गप्प. चांद्रयान-3 मग चंद्रापर्यंत गेलं कसं? 14 जुलै 2023 ला निघून 23 ऑगस्टला उतरलं. मुलांनी लोकर घेऊन पृथ्वीभोवती आधी छोटे, मग लांबट होत जाणारे वेढे मांडले, शेवटचा थेट चंद्राकडे. दक्षिण ध्रुवाकडच्या बाजूला मोहरीचा दाणा टोचला.

लेकीनं विचारलं, दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असते. सात फुटांवर ते पाच अंश म्हणजे चंद्र जवळपास वीतभर वर किंवा खाली. संत्र्याएवढ्या पृथ्वीची सावली त्याला बहुतेक वेळा गाठतच नाही. पुठ्ठ्यावरच्या दोन बोटांच्या अंतरात हे मला कधीच दाखवता आलं नसतं.

वैशाखी पौर्णिमेला संध्याकाळी सगळे गच्चीवर. चंद्र नुकताच वर आला होता. कणकेचा वाळलेला चंद्र विणायच्या सुईवर खोचून मी दोऱ्याच्या टोकाशी उभी राहिले, दुसरं टोक लेकीनं डोळ्यापाशी धरलं. दुसरा डोळा मिटून ती मला सांगत होती, "थोडा खाली... डावीकडे... अजून जरासा..."

"झाकला! आई, पूर्ण झाकला!"

मागे बाकीच्या पाच जणांची रांग लागलीच होती.