भाऊबीज, बुद्ध सर्किट आणि शुक्रवारची प्रॅक्टिस

"शुक्रवारी नेमकं काय असतं?" ताईने फोनवर विचारलं.

"प्रॅक्टिस."

"म्हणजे शर्यत नाही?"

"शर्यत रविवारी."

"मग रविवारी जा की. शुक्रवारी भाऊबीज आहे."

२०११ साली भाऊबीज २८ ऑक्टोबरला आली होती, आणि भारतातल्या पहिल्यावहिल्या फॉर्म्युला वन शर्यतीचं पहिलं सराव सत्रही त्याच दिवशी, सकाळी दहाला. माझं नशीब एवढंच की ताई नोएडात राहते आणि बुद्ध सर्किट ग्रेटर नोएडाच्या पुढे, म्हणजे तिच्याच बाजूला. शेवटी तह झाला. औक्षण संध्याकाळी. आठच्या आत घरी. उशीर झाला तर ओवाळणी दुप्पट.

तिकीट तीन दिवसांचं होतं, म्हणून शुक्रवार 'वसूल' करायला जातोय असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. टीव्हीवर शर्यती मी बऱ्याच वर्षांपासून बघत होतो, पण प्रॅक्टिस मात्र नेहमी ऑफिसच्या वेळात. दीड-दीड तासाची दोन सत्रं (तेव्हा दीड तास असायची, आता एकेक तासावर आणलीत), ज्यांचे गुण मिळत नाहीत, ज्यातून कोणी बाद होत नाही. तरी सगळे संघ जीव तोडून त्यात काय करतात, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पुण्याहून झेलम पकडली. डबा अर्धा रिकामा. सणाच्या दिवशी घर सोडून निघणारे आम्ही मोजके लोक एकमेकांकडे जरा संशयानेच बघत होतो. दौंड सोडल्यावर खिडकीतून लांबच्या वस्त्यांवरचे बाण दिसायला लागले. आवाज नाही, नुसता उजेड. समोरच्या बर्थवरच्या काकांनी डब्यातल्या करंज्या पुढे केल्या आणि कुठे निघालात म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "गाड्यांची शर्यत बघायला रेल्वेने." पाडवा असा रेल्वेतच गेला. गुरुवारी रात्री दिल्लीला उतरलो तेव्हा हवेला अजून फटाक्यांच्या दारूचा वास होता.

शुक्रवारी सकाळी निघताना ताईने फराळाचा डबा दिला आणि देवघरातल्या चार फुलवाती हातावर ठेवल्या. "कानात घाल. तू म्हणालास ना, आवाज फार असतो." आम्ही कानात अत्तराचा फाया ठेवणाऱ्या घरातले, त्यामुळे फुलवातीत मला काही वावगं वाटलं नाही. भावोजींनी गाडीने जमेल तितकं जवळ सोडलं. पुढे बस, पुढे पायपीट. गेटवर डबा अडला. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. तपासणाऱ्या माणसाने झाकण उघडलं, चकली हातात घेऊन सगळ्या बाजूंनी नीट पाहिली, आणि "इसका क्या करें?" असं मलाच विचारलं. मी म्हटलं, खाऊन बघा. डबा तिथेच राहिला. संध्याकाळी रिकामा डबा परत मिळाला, हेही कमी नाही.

स्टँडमध्ये शंभर खुर्च्यांमागे एखादा माणूस. मी सरळ वर जाऊन बसलो. उजव्या हाताला लांब सरळ रस्ता, एक किलोमीटरहून थोडा जास्त, आणि त्याच्या शेवटी चौथं वळण. सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, १६ वळणांचं, हर्मन टिल्के यांनी आखलेलं. हे सगळं वाचून पाठ होतं. ट्रॅकच्या कडेचा रंग अजून ओला असावा इतका नवा आणि त्यापलीकडे सगळीकडे बारीक पिवळट धूळ, हे मात्र वाचलेलं नव्हतं.

दहा वाजले. आधी आवाज आला. कुठून येतोय ते कळेना. मग तो छातीत शिरला आणि बरगड्यांच्या आत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. तेव्हा २.४ लिटरची व्ही-एट इंजिनं होती, मिनिटाला १८,००० फेरे घेणारी. फुलवाती दुमडून, दोन-दोन करून कोंबल्या तरी काही उपयोग झाला नाही. गाड्या आल्या, एक चक्कर मारून सरळ पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या संघांच्या गॅरेजमध्ये, गेल्या. गळती नाही ना, सगळं जागच्या जागी आहे ना, एवढंच बघायला पहिली फेरी. त्या फेरीची वेळही नोंदली जात नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलाने वडिलांना विचारलं, "खतम?"

आणि मग लाल झेंडा. मोठ्या पडद्यावर कळलं ते असं: ट्रॅकवर कुत्रा. जगातले सगळ्यात महागडे चोवीस ड्रायव्हर थांबले आणि एक गावठी कुत्रा डांबरावरून, घाई नसल्यासारखा, चालला. स्टँडमध्ये त्या दिवशीच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याला पडल्या. नंतर परदेशी पत्रकारांनी त्यावर बरंच लिहिलं, आपल्याकडेही 'नाक कापलं' वगैरे झालं. मला तसं वाटलं नाही. जागा मूळची त्याची. चौकशी करायला आला असेल.

सत्र पुन्हा सुरू झालं आणि पहिला अर्धा तास मला काहीही कळलं नाही, हे कबूल करतो. गाडी येते, जाते. पुढची येते, जाते. टीव्हीवर ग्राफिक्स असतात, समालोचक असतो. इथे समालोचकाचा आवाज इंजिनांखाली गाडला गेलेला आणि पडदा उन्हात फिका पडलेला. कंटाळून मी ठरवलं की पूर्ण ट्रॅक समजून घ्यायचा नाद सोडायचा आणि एकच जागा बघायची: सरळ रस्त्याच्या शेवटी उभ्या असलेल्या, ब्रेक दाबायचं अंतर दाखवणाऱ्या पाट्या.

तिथून सगळा दिवस पालटला.

त्या पाट्यांपर्यंत गाडी ताशी ३०० किलोमीटरच्या वर येते आणि पुढच्या शंभर-सव्वाशे मीटरमध्ये दुसऱ्या गिअरला उतरते. हा ट्रॅक चोवीसपैकी कोणीच आधी चालवलेला नव्हता. सिम्युलेटरवर फेऱ्या मारल्या असतील, पण सिम्युलेटरमध्ये धूळ नसते. त्यामुळे सुरुवातीला सगळे लवकर ब्रेक दाबत होते, अनोळखी जिना अंधारात उतरताना आपण पायरी चाचपतो तसे. पुढच्या फेरीत थोडा उशीर. त्याच्या पुढच्या फेरीत आणखी एक गाडीभर. मग कोणीतरी जास्तच उशीर करायचा, पुढचं चाक जागच्या जागी थांबायचं, निळसर धूर निघायचा, आणि गाडी वळणाऐवजी सरळ बाहेर. तिथे धूळ उसळायची, पार मळणी चालू असल्यासारखी. त्या फेरीतला आकडा त्या ड्रायव्हरने मनात लिहून ठेवलेला असणार: इथपर्यंत चालतं, याच्यापुढे नाही. शर्यतीत ही चूक महागात पडते. शुक्रवारी तीच चूक करायला आलेले असतात.

गाड्या ज्या पट्ट्यावरून जात तो हळूहळू काळा होत गेला. टायरचं रबर बसत होतं. शेतातून रोज माणसं गेली की पायवाट कशी उमटते, तसा साडेपाच फुटी काळा पट्टा, आणि दोन्ही बाजूंना धूळ तशीच. पायवाट पक्की होईल तशा वेळा खाली आल्या. सकाळी सगळ्यात वेगवान हॅमिल्टन, १ मिनिट २६.८ सेकंद. शनिवारी दुपारी पात्रता फेरीत (शर्यतीला कोण कितव्या जागेवरून सुटणार, ते तिथे ठरतं) वेटेलने १ मिनिट २४.१ लावले. त्या पावणेतीन सेकंदांत ड्रायव्हरांचं कौतुक आहेच, पण झाडू मारला तो इतरांच्या टायरांनी.

आवाजाचंही एक सांगायला हवं. वेटेलच्या रेड बुल संघाची गाडी वळणात शिरताना, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलल्यावरसुद्धा, गप्प बसत नव्हती. फट-फट-फट्ट असा, भिजलेली लवंगी माळ अधूनमधून पेटावी तसा आवाज. त्या वर्षी इंजिनांची रचनाच अशी केलेली होती की ड्रायव्हरने पाय काढला तरी एग्झॉस्टमधून गरम हवा मागच्या भागाखाली फुंकली जावी आणि गाडी रस्त्याला चिकटून राहावी. पुढच्या मोसमात नियमाने हे बंद पाडलं. टीव्हीवर तो आवाज मी वर्षभर ऐकला होता आणि प्रक्षेपणातली खरखर समजत होतो.

त्या सत्रात एक हिरवी-पिवळी गाडी मी मुद्दाम मोजत होतो. लोटस संघाने आपल्या करुण चंढोकला गाडी दिली होती ती फक्त या पहिल्या सत्रापुरती. दुपारी नाही, शनिवारी नाही, रविवारी नाहीच. आपल्या देशातली पहिली शर्यत, आणि त्याच्या वाट्याला एवढाच दीड तास. हिस्पानिया संघाच्या गाडीत दुसरा भारतीय, नारायण कार्तिकेयन होता, त्याला रविवार मिळाला आणि तो सतरावा आला. पण स्टँडमधला तो विरळ जमाव चंढोक आला की उभा राहत होता. बारा वाजायच्या आत झेंडा पडला, तो पिटमध्ये वळला, आणि त्याचा ग्रां प्री संपला. सरावाला काय एवढं, असं मला विचारणाऱ्यांना हा प्रसंग मी नेहमी सांगतो.

'सरावाला काही किंमत नसते' असं म्हणतात, तेही अर्धंच खरं. पिवळे झेंडे दाखवलेले असताना वेग कमी केला नाही म्हणून हॅमिल्टन आणि सर्जिओ पेरेझ या दोघांना त्याच सकाळच्या सत्रावरून शिक्षा झाली, ग्रिडवर, म्हणजे सुटायच्या रांगेत, तीन जागा मागे. पात्रता फेरीत दुसरा आलेला हॅमिल्टन पाचव्या जागेवरून सुटला.

मधल्या वेळेत जेवण. त्याबद्दल न बोललेलं बरं. चकल्या आठवत होत्या.

दुपारचं सत्र दोन वाजता आणि त्याची चव वेगळी. सकाळी रस्ता शिकायचा असतो, दुपारी टायर. सगळ्या संघांना टायर पुरवणारी एकमेव कंपनी म्हणून पिरेलीचं ते पहिलंच वर्ष. इथे दोन प्रकार आणलेले: चंदेरी पट्टीचे कडक आणि पिवळ्या पट्टीचे मऊ. पिवळी पट्टी लावून, टाकीत थोडंच इंधन ठेवून एखाद-दुसरी जोरदार फेरी मारली जाते, आणि लोक त्यावर टाळ्या वाजवतात. फेलिपे मासाने अशीच १ मिनिट २५.७ लावून दिवस आपल्या नावावर केला. पण नंतरची शेवटची तीस-चाळीस मिनिटं खरी. तेव्हा पडद्यावरचा क्रम हलायचा थांबतो, लोक उठून चहाला जातात, आणि गाड्या जड टाकीने, पिटमध्ये न येता, फेरीमागून फेरी मारत बसतात. कीर्तनात अभंग संपून निरूपण लागतं ना, तसं. मी मोबाइलच्या घड्याळावर एकाच गाडीच्या फेऱ्या लावत बसलो. माझ्या अंगठ्याच्या चुका धरूनही दिसत होतं: टायर झिजतो तशी ब्रेकची जागा पाट्यांच्या अलीकडे सरकते. सकाळी जी गाडीगाडीने पुढे गेली होती, तीच आता हळूहळू मागे येत होती. रविवारी टायर कोणत्या फेरीला बदलायचे, हे संघ तिथे बसून ठरवत होते, सगळ्यांसमोर, आणि बघायला फारसं कोणी नव्हतं.

आठला पाच कमी असताना ताईच्या दारात पोचलो. केसांत धूळ, कानात फुलवाती तशाच. पाटावर बसलो. तिने औक्षण करताना काहीतरी विचारलं, मी "हो" म्हणालो. भावोजी हसायला लागले. तिने विचारलं होतं, "ओवाळणी दुप्पट ना?"

शनिवार-रविवारबद्दल थोडक्यात. शुक्रवारचा राजा मासा शनिवारी कर्बवर, म्हणजे वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर, आपटून पुढचं सस्पेन्शन मोडून बसला, आणि रविवारी पुन्हा तेच. शर्यतीआधी, त्याच महिन्यात अपघातात गेलेल्या डॅन व्हेल्डन आणि मार्को सिमोन्चेलीसाठी एक मिनिट उभे राहिलो. मग वेटेल पहिल्या जागेवरून सुटला आणि साठच्या साठ फेऱ्या पुढेच राहिला. रविवारी भावोजीही आले होते. विसाव्या फेरीला त्यांनी जांभई दिली. मी त्यांना पाट्या दाखवल्या, ब्रेक कुठे दाबतात ते बघा म्हटलं. त्यांनी चष्मा पुसला. पुढे चाळीस फेऱ्या ते माझ्याशी बोलले नाहीत, फक्त मधूनमधून "हा घाबरला", "हा दमला" असं पुटपुटत होते.

घरी आलो तर ताई दारातच.

"सचिन दिसला?" शेवटचा चौकड्यांचा झेंडा तेंडुलकरने दाखवला होता, तिने टीव्हीवर पाहिलं होतं.

"लांबून. एवढासा."

"आणि तो कुत्रा?"

"तो शुक्रवारचा गं."