बिजागरी

दार कुरकुरायला लागलं म्हणून तेलाची बाटली घेऊन उकिडवा बसलो. खालच्या बिजागरीत दोन थेंब सोडले, दार मागेपुढे केलं, आवाज गेला. समाधानाने उठलो, तर गुडघा म्हणाला, ‘कट्!’

गुडघा म्हणजे बिजागरीचा सांधा, असं शाळेत घोकलं होतं. ते अर्धंच खरं. पाय पूर्ण सरळ होताना मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवर किंचित वळतात आणि गुडघ्याला जणू आतून कडी लागते. म्हणून स्नायूंना फारसं न दमवता आपण रांगेत उभे राहू शकतो. वाकताना गुडघ्यामागचा एक चिमुकला स्नायू ती कडी काढून देतो. दाराला इतकी अक्कल कुठली!

शिवाय तेलाची बाटलीही आतच. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. वजन पडलं की ती स्पंजासारखी दाबली जाते, सुटली की सांध्यातल्या वंगणातून आपलं अन्न शोषून घेते. बिजागरी वापराने झिजते. कूर्चा हलवली नाही तर उपाशी राहते. खुर्चीत बसून हे लिहिताना मी उगाच पाय हलवून घेतला.

मानेची गंमत वेगळीच. ‘हो’ म्हणताना कवटी पहिल्या मणक्यावर डुलते. ‘नाही’ म्हणताना कवटीसकट पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो. होकार-नकाराची खातीच निराळी! माझं दुसरं खातं जरा गंजलेलं आहे, हे घरचे सांगतील.

आणि बोटं मोडणं? (कुणाच्या नावाने नव्हे, नुसतीच.) ‘सांधे सुजतील’ म्हणून लहानपणी ओरडा खाल्ला. सांध्यातली जागा ताणली की दाब घटतो, वंगणात विरघळलेल्या वायूची पोकळी होते, तिचा तो आवाज. डॉनल्ड अंगर या अमेरिकी डॉक्टरांनी 60 वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. संधिवात दोन्ही हातांना नाही! 2009 मध्ये त्यांना इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं.

संध्याकाळी बाहेर पडताना किल्ली कुलपात घातली आणि थबकलो. ती फिरवताना कोपर जागचं हलत नाही, मनगटही स्वतःभोवती फिरत नाही. कोपर ते मनगट यांमधलं अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडावरून आडवं जातं. दुसऱ्या हाताने चाचपून पाहिलं, खरंच! पंजा उताणा, पालथा, पुन्हा उताणा. शेजारी जिना उतरताना थांबले.

“किल्ली अडकली का?”

“नाही,” मी म्हणालो, आणि मान हलवून तेही खातं उघडलं.