क्रूझवर आमचं भांडण का झालं नाही

सुट्टीत कुठे जायचं यावर आमच्या घरात जी चर्चा होते, तिच्यापुढे कुंभमेळ्याच्या नियोजन बैठकाही शांत वाटाव्यात. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गुडघ्यांमुळे पायऱ्या नकोत. लेकीला पूल हवा आणि रात्री उशिरापर्यंत जागायची मुभा. नवऱ्याला मुळात कुठे जायचंच नसतं, झोपायचं असतं. पिंपळगावचे भाऊजी बागेतून मोकळे होतात ते द्राक्षं निघाल्यावर आणि खरड छाटणी सुरू व्हायच्या आत, मधल्या थोड्या दिवसांत. मला अनोळखी गावाच्या गल्लीबोळांतून पायी हिंडायला आवडतं, पण तिकिटं, खोल्या, गाड्या आणि रुसवेफुगवे माझ्याच गळ्यात पडत असल्यामुळे ते कधी जमत नाही.

२०२१ साली कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे क्रूझ जहाज मुंबईहून सुटायला लागल्यापासून ओळखीतलं कोणी ना कोणी क्रूझचे फोटो टाकतच होतं. मला ते प्रकरण दिखाऊ वाटायचं. तरी एप्रिलच्या सुरुवातीला मुंबई-गोवा-मुंबई असं बुकिंग केलं, कारण दुसऱ्या कशावरच एकमत होईना.

आईंना तयार करणं सर्वांत अवघड गेलं. त्यांचं माहेर रेवदंड्याचं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. ती हकिकत ऐकतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. "आगबोटीत मी पाय ठेवणार नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. रामदास ऐन पावसाळ्यात निघाली होती, आणि या क्रूझ पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर चालतच नाहीत, हे सांगितलं. जहाजाच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली स्टॅबिलायझरचे पंख असतात, त्यामुळे ते कुशीवर कमी डोलतं, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पिशवीत आल्याच्या वड्या भरल्या.

नाशिककरांसाठी एक सोय चांगली आहे. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडली की सीएसएमटी, आणि तिथून बॅलार्ड पिअरचं टर्मिनल टॅक्सीने काही मिनिटांवर. सामान टॅग लावून तिथेच घेतात, ते नंतर केबिनच्या दाराशी येतं. घरचं खाणं, केटल, इस्त्री मात्र नेऊ देत नाहीत, तेव्हा चिवड्याचे पुडे घरीच राहू द्या.

सुटण्याआधी सगळ्यांना जमवून लाइफ जॅकेट, सायरन, आपली जागा कोणती, हे दाखवतात. २०१२ मध्ये इटलीत कोस्टा काँकॉर्डिया बुडाली, तेव्हा त्या दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले. आमच्या आजूबाजूला निम्मे लोक सेल्फी काढत होते. आई मात्र पुढे जाऊन ते दाखवणाऱ्या जहाजावरच्या मुलाला विचारत होत्या, "आमची होडी नक्की कुठली?" त्याने वर टांगलेली नारिंगी होडी दाखवली. आईंनी तिचा नंबर दोनदा म्हणून घेतला, मग निर्धास्त झाल्या. त्यानंतर त्या डेकवरच्या खुर्चीतून फारशा उठल्याच नाहीत. लिफ्टने खाली जेवण, लिफ्टने वर समुद्र. इतकी वर्षं त्यांच्यासाठी प्रवास म्हणजे आम्ही देऊळ बघून येईपर्यंत गाडीत बसून राहणं होतं.

नवऱ्याने हट्टाने बिनखिडकीची, सर्वांत स्वस्त केबिन घेतली होती. तिच्यात सकाळ होतच नाही. फोन एअरप्लेन मोडवर (तो ठेवाच, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं रोमिंग बिल येतं), ऑफिसचा पत्ता कट, आणि साहेब नाश्ता संपत आला की उगवायचे. लेक कुठे असते ते आम्हाला जेवणाच्या वेळीच कळायचं. तिला एकटीला सोडलं याची मला धाकधूक नव्हती, जाऊन जाऊन जाणार कुठे?

भाऊजींची मात्र मला काळजी होती. सतत कामात असलेला माणूस, रिकामा बसला की चिडतो. पहिल्याच बुफेत त्यांनी फळांच्या ताटातून द्राक्षाचा घड उचलला, उजेडाकडे धरला, नखाने देठ खरवडला. "वहिनी, देठ हिरवा आहे बघा. ताजा माल आहे." मग वाढणाऱ्या मुलाला गाठून माल कुठून येतो, किती दिवसांचा साठा भरतात, कोल्ड स्टोरेज किती डिग्रीवर ठेवतात, अशी चौकशी सुरू झाली. त्याला एवढंच माहीत होतं की बंदरात असतानाच सगळा माल चढतो. भाऊजींना तेवढं पुरलं. उरलेली सफर त्यांनी त्यावरच काढली: हजार-दोन हजार माणसं, तीन वेळचं जेवण, शिवाय जैन जेवण वेगळं, म्हणजे माल किती लागत असेल? कॅसिनोकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

राहिले मी. खरं सांगायचं तर गावं बघायला निघणाऱ्यांसाठी क्रूझ नाही. जहाज मुरगावला लागतं, तिथून पणजी बरीच लांब, आणि परतीची वेळ चुकली तर जहाज थांबत नाही. पणजीतल्या फोंतेन्यश या जुन्या वस्तीच्या रंगीत घरांमधून मी हिंडले खरी, पण अर्धं लक्ष घड्याळात. गोवा बघायचा असेल तर सरळ रेल्वेने जा आणि मुक्काम करा. पण "आता पुढे काय?" हे मला कोणीही विचारलं नाही, आणि असं या घरात आल्यापासून पहिल्यांदाच घडलं. त्यासाठी मी पुन्हा जाईन, गोवा नाही दिसला तरी चालेल.

खर्चाचं म्हणाल तर जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका. पोर्ट चार्जेस आणि जीएसटी धरून एकूण किती ते विचारा, ड्रिंक्सचे पैसे बहुधा वेगळे असतात. म्हातारी माणसं बरोबर असतील तर जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची केबिन मागा. तिथे डोलणं सर्वांत कमी जाणवतं. फक्त लिफ्टपासून किती चालावं लागेल ते नकाशात आधी बघून घ्या, कॉरिडॉर फार लांबलचक असतात.